बारा चौकोन पांढरं कापड

२८ मे, सकाळी
आजपासून दोन वह्या. निळी नातीच्या लॅबची. तिच्यात तारीख, ओल आणि शेरा असे तीन रकाने. ही लाल वही माझी. हिच्यात रकाने नाहीत, कुणाला दाखवायची पण नाही.

नात माती तपासायच्या नोकरीला लागली आहे. एवढी शिकली आणि शेवटी मातीच चिवडते. मी तीच माती पन्नास वर्षं न शिकता चिवडली.

काल जेवताना वाद झाला. मुलगा म्हणाला, चार वर्षं झाली, शेतातून बियाणंसुद्धा वसूल होत नाही, माती मेली आहे. वीटभट्टीवाला वरची दोन फूट माती उचलायला तयार आहे. मी म्हटलं, दोन फूट उचलल्यावर खाली मुरूम राहील, त्यात काय लावायचं, खडे? तो म्हणाला, मेलेल्या मातीच्या विटा तरी होतील. स्वतः दिवसभर गोदामात पंख्याखाली बसून खोकी मोजतो आणि माती मेली म्हणून सर्टिफिकेट देतो.

मग नात मधे पडली. म्हणाली, बाबा, एक हंगाम थांबा, मी शेताच्या एका कोपऱ्यात टेस्ट लावते. माती जिवंत निघाली तर शेत ठेवा. मेलेली निघाली तर द्या भट्टीला. मुलगा हो म्हणाला. मी म्हटलं, आणि शेत राहिलं तर मीच बघणार, आधी बघत होते तसं. कुणी काही बोललं नाही.

म्हणजे मान्य आहे.

३० मे
नातीने कोपऱ्यात दोरी लावून तीन पट्टे आखले. पहिल्यात काही घालायचं नाही. दुसऱ्यात पाणी धरणारे दाणे. तिसऱ्यात दाणे आणि शेणखत. तिन्हींत चवळी.

हे दाणे म्हणजे साखरेसारखे दिसतात. चिमूटभर वाटीत टाकले, पाणी ओतलं, आणि चहा पिऊन येईपर्यंत वाटी भरून काचेसारखे लिबलिबीत गोळे. पाऊस पडला की हे पाणी पिऊन बसतात, मग ऊन पडलं की हळूहळू सोडतात. कोरडवाहूला सोन्यासारखी वस्तू. मला लगेच पटलं. मुलगा म्हणाला, आई, तुला कधी नव्हे ते काहीतरी पटलं. त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

नात म्हणाली, ओल किती राहते ते आम्हाला माहीत आहे. बघायचं आहे ते हे, की दाण्यांमुळे मातीतल्या जिवांचं काय होतं. गांडुळं, बुरशी, डोळ्यांना न दिसणारे किडे. ते जगले तर माती जिवंत. मी विचारलं, न दिसणारे किडे मोजायचे कसे? ती म्हणाली, कापडाने. सुती कापडाचे चौकोन पुरायचे, दोन महिन्यांनी काढायचे. जेवढं कापड खाल्लं, तेवढी माती जिवंत.

बारा चौकोन दिले आहेत. पट्ट्याला चार.

३१ मे
संकल्प. एक, रोज सहाला शेतात. दोन, निळी वही रोज. तीन, सुनेच्या तोंडी लागायचं नाही.

१ जून
सहाला जमलं नाही. गुडघा. गुडघा तसा ठीक आहे, फक्त वाकत नाही.

नऊला गेले. नात शहरात परत गेली, जाताना दहादा सांगून गेली, दाणे ओळीला एक मूठ, जास्त नाही, उरलेली पिशवी लॅबला परत करायची. वीस ओळींना वीस मुठी टाकल्या. बघते तर पिशवी जवळजवळ भरलेलीच. आता भरलेली पिशवी परत करणं म्हणजे काम केलं नाही असं दिसतं. आणि एका मुठीने एवढं होतं तर चार मुठींनी किती होईल. सगळी पिशवी दुसऱ्या पट्ट्यात घातली.

सून बांधावरून बघत होती. म्हणाली, आई, अति तिथं माती. मी म्हटलं, मग बरंच झालं, मातीचंच तर काम चाललंय.

तिसऱ्या पट्ट्याला दाणे कमी पडतील म्हणून काळजी होती. पण सुनेने त्याचे दाणे आधीच एका डब्यात मोजून काढून ठेवले होते. आगाऊपणा. शेणखताची पाटी तीच उचलते म्हणाली. मी म्हटलं, उचल. माझा गुडघा ठीक असला तरी तिला काहीतरी काम हवं.

निळ्या वहीत: ठीक.

३ जून
कापड पुरायचं होतं. पिशवीतून काढलं आणि जीव हळहळला. नवं कोरं, जाड, पांढरंशुभ्र. एकेक चौकोन ताटाएवढा. असं कापड आता दुकानात मिळत नाही, मिळतं ते पहिल्या धुण्यात चाळण होतं. आणि हे घालायचं किड्यांच्या तोंडात! मी लहान असताना असल्या कापडाचा नवा झगा वर्षातून एकदा मिळायचा, तोसुद्धा थोरल्या बहिणीने वापरून झाल्यावर.

विचार केला. किड्यांना नवं आणि जुनं कळतं का? नाही. पांढरं हवं, चौकोनी हवं, एवढंच.

ट्रंकेत ह्यांचे कोट पडून होते. दवाखान्यात कंपाउंडर होते तेव्हाचे, टेरिकॉटचे. पांढरे आहेत अजून. तीस वर्षं घातले, धुतले, आपटले, एक टाका उसवला नाही. माणूस गेला, कोट राहिले. दोन कोटांतून मापात बारा चौकोन निघाले. कॉलरकडून सुद्धा एक काढला. वाया काही जाऊ दिलं नाही.

पुरले. वर काठ्या रोवल्या. नवं कापड कपाटात.

लॅबचंही नुकसान नाही, आपलंही नाही. याला अक्कल म्हणतात, ती शाळेत शिकवत नाहीत.

४ जून
नव्या कापडाच्या चार उशांच्या खोळी शिवल्या. मशीन अजून चालतं. डोळे पण चालतात, फक्त दोरा सुईत जात नव्हता तो सुनेने ओवला. तिने विचारलं, कापड कुठलं. म्हटलं, होतं.

६ जून
मुलगा म्हणाला, नवी उशी छान थंड लागते. चार वर्षांत पहिल्यांदा आईच्या कुठल्या कामाला छान म्हणाला. खोळीला म्हणाला, पण आईच्याच.

१४ जून
चवळी पेरली. पाऊस झाला, पण शिंतडला म्हणावं असा. पहिल्या पट्ट्यातली माती दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत. दुसऱ्यातली बोटाला गार. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मुलाला म्हटलं, येऊन बोट घालून बघ. म्हणाला, रविवारी. रविवारी झोपला.

निळ्या वहीत: ठीक. दुसरा पट्टा फार ठीक.

२२ जून
सलग पाच दिवस गेले नाही. ऊन फार आहे. आणि रोज बघितल्याने काही उगवत नाही. निळ्या वहीत पाचही दिवसांचं आजच लिहिलं. ठीक, ठीक, ठीक, ठीक, ढग.

२ जुलै
रात्रभर चांगला पाऊस पडला. सकाळी गेले तर दुसरा पट्टा फुगलेला. माती पिठाच्या गोळ्यासारखी वर आली आहे, मधे मधे काचेचे गोळे डोकावतात, बेडकाच्या डोळ्यांसारखे. चवळीची चार-पाच रोपं मुळासकट उचलली जाऊन आडवी पडली होती. पाय टाकला तर चप्पल आत राहिली.

हे पाणी धरल्याचं लक्षण आहे. एवढी ओल आयुष्यात कधी बघितली नाही या शेतात.

रोपं परत रोवली. चप्पल मिळाली.

५ जुलै
दुसऱ्या पट्ट्याला वास येतो. तुंबलेल्या मोरीसारखा. गांडुळं वर येऊन उघड्यावर पडली होती, सात मोजली. सून म्हणाली, गुदमरून वर आली असतील. मी म्हटलं, गर्दी झाली असेल आत, ओल बघून सगळे पाहुणे आले. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

तिने ती सात गांडुळं ओंजळीत उचलली आणि तिसऱ्या पट्ट्यात नेऊन सोडली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

निळ्या वहीत: ठीक. गांडुळं ७.

१९ जुलै
दुसऱ्या पट्ट्यातली चवळी पिवळी. पहिल्यातली कोमेजलेली, पण हिरवी. तिसऱ्यातली गुडघ्याच्या वर, काळीशार. तिसरा पट्टा ओढ्याच्या बाजूला आहे, त्याला फायदा मिळतो. ओढा गेली सहा वर्षं कोरडा आहे, पण बाजू तीच.

फोनवर नातीने विचारलं, आजी, दुसऱ्यात काय चाललंय? मी म्हटलं, ठीक. ती म्हणाली, ठीकच्या पुढे काहीतरी लिहीत जा ना गं. एवढा पगार देतात का लिहायचा?

३ ऑगस्ट
उद्या नात येते. कापड काढायचं. मुलानेही सुट्टी घेतली आहे, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. मला काळजी नाही. माती आपली आहे. मी तिला ओळखते.

४ ऑगस्ट
बाराच्या बारा चौकोन जसेच्या तसे निघाले.

नातीने पाण्यात खळबळले तर पांढरेफटक. एक भोक नाही, एक धागा सुटलेला नाही. दोन महिने चिखलात राहून कॉलरची शिवण तशीच, नातीला ती कडेची शिवण वाटली असावी. क्षणभर मला अभिमान वाटला. म्हटलं, काय कापड होतं! आणि पुढच्या क्षणी नातीचं तोंड बघितलं.

तिने सगळे तागडीवर घातले. बाराही सारखेच भरले. ती म्हणाली, असं होत नाही, अगदी खराब मातीतसुद्धा थोडं तरी खाल्लं जातं. तिसऱ्या पट्ट्यात तर खत आहे. ती परत परत तिसऱ्याचीच कापडं उलटीपालटी करत होती.

मुलगा म्हणाला, हे बघ, मी म्हणत नव्हतो? मेली माती. मी म्हटलं, मेली असती तर चवळी कशी आली? तो म्हणाला, चवळी दगडावरही येते. नात कापडं पिशवीत भरू लागली. 

मला बोलता आलं असतं. पण उन्हात डोकं दुखत होतं.

५ ऑगस्ट
नात पहाटेच्या गाडीने गेली. रिपोर्ट द्यायचा आहे. तिच्या साहेबांनी नोकरी एक वर्षासाठी दिली आहे, हा तिचा पहिलाच रिपोर्ट. त्यात ती लिहिणार, दाण्यांमुळे मातीतले जीव मेले, खताने पण वाचले नाहीत. साहेब म्हणे खूश होतील, असं अजून कुणाला सापडलेलं नाही.

कुणाला सापडणार? कंपाउंडरचा कोट कुणी पुरला असेल तर ना.

६ ऑगस्ट
वीटभट्टीवाला घरी आला होता. चहा घेतला. म्हणाला, माती चांगली आहे, पोत बघितला, वीट कडक होईल. मुलगा म्हणाला, पंधरा दिवसांनी, वीस तारखेला, टेप घेऊन या. म्हणजे माती मुलाला मेलेली वाटते आणि वीटवाल्याला चांगली. दोघांचं एकमत फक्त माझ्या शेतावरून उचलायच्या बाबतीत.

७ ऑगस्ट
प्लॅन केला आहे. कुणाला काही सांगायची गरज नाही. नवं कापड परत पुरायचं, खरं सुती, लवकर खाऊ द्यायचं, आणि मुलाच्या समोर उकरून काढायचं. म्हणायचं, हा एक तुकडा खाली राहिला होता.

कापडाच्या खोळी झाल्या आहेत. एक उसवली. मुलाची नाही, माझी.

८ ऑगस्ट
उसवलेल्या कापडाचे दोन तुकडे तिसऱ्या पट्ट्यात पुरले. दोन महिने थांबायला वेळ नाही म्हणून वरून साखरेचं पाणी ओतलं. भूक लागायला काहीतरी दिलं पाहिजे.

१२ ऑगस्ट
उकरले. मुंग्या. फक्त मुंग्या, काळ्या आणि लाल दोन्ही. त्यांनी साखर खाल्ली, कापडाला तोंड लावलं नाही. मला मात्र सहा ठिकाणी लावलं.

मुंग्यांवर विसंबून कुणी शेत वाचवलं आहे?

१४ ऑगस्ट
नवा प्लॅन. जे काम किड्यांना दोन महिन्यांत करायचं ते आपण दुपारभरात करायचं. कात्री घेतली आणि त्या दोन तुकड्यांना भोकं पाडली. मोठी, छोटी, कडेला जास्त. चिखलात मळले, चहाच्या पाण्यात बुडवले, वाळवले. एकदम खरं वाटतं.

१५ ऑगस्ट
मुलाला दाखवायच्या आधी सुनेला दाखवले, अंदाज घ्यायला. म्हटलं, बघ, तिसऱ्या पट्ट्यात खोल सापडले, किती खाल्लंय. तिने तुकडा उजेडात धरला. म्हणाली, आई, किड्यांकडे कात्री होती का?

मी म्हटलं, दात धारदार असतील.

ती हसली नाही. शांतपणे म्हणाली की खोळी कुठल्या कापडाच्या ते तिला जूनपासून माहीत आहे. पण पुरलं काय ते काल ट्रंक उघडली तेव्हा कळलं, बाह्या तेवढ्या उरल्या आहेत. मग म्हणाली, वीस तारखेला तो टेप घेऊन येईल. मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा. माझ्या मुलीचा रिपोर्ट आहे तो, पण शेत तुमचं आहे.

एवढं बोलून भांडी घासायला गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चांदणंबिंदणं काही नाही, सरळ टॉर्च मारला तिने.

१७ ऑगस्ट
सांगणार होते. फोनला रेंज नव्हती. नंतर आली, पण तोवर नातीची जेवायची वेळ झाली असेल.

१८ ऑगस्ट
आज जेवायची वेळ नव्हती. आज मन नव्हतं.

१९ ऑगस्ट, दुपारी
फोन केला.

एका दमात सांगितलं.   मग नातीने विचारलं, टेरिकॉट? मी म्हटलं, हो, उत्तम प्रतीचं. ती म्हणाली, आजी, त्यात अर्ध्याहून जास्त प्लॅस्टिक असतं गं, ते किडे खात नाहीत, शंभर वर्षं खाणार नाहीत. मी म्हटलं, म्हणजे तुझे आजोबा तीस वर्षं प्लॅस्टिक घालून औषधं देत होते, हे मला आज कळलं.

ती रडली असावी. नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी पण असेल. म्हणाली, रिपोर्ट गेला आहे, साहेबांनी पुढे पाठवला आहे, आता मला लिहून द्यावं लागेल की चुकीचा आहे. मी म्हटलं, माझं नाव लिही. ती म्हणाली, तेच लिहावं लागणार. मी म्हटलं, आजी नको लिहू, चांगलं दिसत नाही, मदतनीस लिही. ती म्हणाली, मदतनीस लिहिलं तर साहेब म्हणतील काढून टाक. मी म्हटलं, मग टाक.

माफी मागायची राहिली. पण तिला कळलं असेल.

१९ ऑगस्ट, संध्याकाळी
मुलाला पण सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खोलीत गेला, उशी घेऊन आला, खोळ काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.  थोड्या वेळाने परत आला आणि खोळ परत घेऊन गेला. उशीशिवाय झोप येत नसेल.

२० ऑगस्ट
वीटवाला टेप घेऊन आला. नात कापड परत पुरणार आहे म्हणून मुलाने त्याला पाच आठवडे थांबायला सांगितलं. वीटवाला म्हणाला, थांबतो, माती कुठे पळून जाते. तो गेल्यावर मुलगा म्हणाला, शेवटची वेळ, आई. यात काही निघालं नाही तर मी कुणाचं ऐकणार नाही. हे कुणाचं म्हणजे माझं.

२१ ऑगस्ट
नात नवं कापड घेऊन आली. शिक्का मारलेलं, प्रत्येक चौकोनावर नंबर. स्वतः पुरलं. मी खुरपं धरायला गेले तर म्हणाली, तू सावलीत बस. मी सावलीत बसले. उद्धट म्हणावं तर शब्द साधे होते.

म्हणाली, पस्तीस दिवसांत खरं काय ते दिसेल, पाऊस बरा आहे.

२९ ऑगस्ट
शेतात गेले नाही. नातीने निळी वही सुनेकडे दिली आहे. सून खूप लिहिते. मी चोरून वाचलं. ओल किती बोटं, बुरशीचे पांढरे धागे कुठे, मुळांना गाठी किती. अक्षर किडमिडं आहे, पण लिहिते.

११ सप्टेंबर
वाट बघणं हे म्हाताऱ्या माणसाचं काम आहे असं सगळ्यांना वाटतं. मला ते कधीच आलं नाही. रोज तिन्ही पट्ट्यांच्या काठ्या लांबून बघते. काठ्यांवरून काही कळत नाही.

माती जिवंतच निघेल. मला खात्री आहे. काल दोनदा उठून पाणी प्यायले.

२५ सप्टेंबर
आज काढलं. सगळे होते. वीटवाला पण आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

पहिल्या पट्ट्यातलं कापड कडेने कुरतडलेलं, मधे शाबूत. कोरडी माती, नात म्हणाली, जीव आहेत पण अर्धे दिवस झोपून असतात. ओल आली की उठतात, खातात, परत झोपतात. मी म्हटलं, तुझ्या बापासारखे. कुणी हसलं नाही, पण मुलाने मान खाली घातली.

तिसऱ्या पट्ट्यातलं कापड नातीने दोन बोटांनी उचललं आणि ते मधेच फाटलं. उरली ती जाळी. कडेची शिवण तेवढी चौकट धरून होती. धाग्यांत पांढरी बुरशी, आणि एक गांडूळ त्यातच गुंडाळून झोपलेलं. नातीने ती जाळी वर धरली. मुलाने त्यातून पलीकडे बघितलं, वीटवाल्याचं तोंड दिसलं असेल. मुलगा खाली बसला आणि त्याने त्या मातीत मनगटापर्यंत हात घातला. बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या पट्ट्यातलं मात्र अख्खं निघालं. काळं, बुळबुळीत, आणि वास असा की वीटवाला दोन पावलं मागे सरला.

नात म्हणाली, एवढं कसं? ओळीला एका मुठीने हे होत नाही. आजी, दाणे किती घातले होते? मी म्हटलं, मूठ. ती म्हणाली, कुणाची? मग म्हणाली, उरलेली पिशवी लॅबला आलीच नाही. सुनेने आकाशाकडे बघितलं. आकाशात काही नव्हतं.

सांगितलं.

नात रागावली नाही, हेच वाईट. मला समजावत बसली, लहान मुलाला समजवावं तसं. दाणे पाणी धरतात, आजी, पण खायला देत नाहीत. जास्त झाले की मातीतली हवा बंद करतात. त्या जिवांना ओल लागते, हवा लागते आणि खायला लागतं. तिसऱ्यात दाण्यांनी ओल धरली, तीही बेताने, आणि शेणखताने ताट वाढलं. त्यामुळे ते जगले. म्हणाली, तुझ्या चुकीचं पण मी लिहिणार आहे रिपोर्टमध्ये, लोक असंच करतात, सगळी पिशवी ओततात. साहेब म्हणतील, हे खरं सापडलं.

म्हणजे माझ्यामुळे काहीतरी सापडलं. एवढं मी लक्षात ठेवलं आहे.

मुलगा उठला, हात झटकले आणि वीटवाल्याला म्हणाला, नाही जमणार. वीटवाला म्हणाला, निदान तो मधला पट्टा तरी? नात म्हणाली, नाही.

२५ सप्टेंबर, जेवणानंतर
शेत राहिलं. मी म्हटलं होतं.

मुलाला म्हटलं, मग पुढचा हंगाम माझा, ठरल्याप्रमाणे. तो म्हणाला, हो आई, शेत तुझंच आहे. बघेल ती. आणि सुनेकडे बघितलं. मी म्हटलं, ठरलं होतं ते मी बघायचं. तो म्हणाला, कधी ठरलं होतं? मी त्या दिवशीचं सांगितलं. तो म्हणाला, आम्ही तर काहीच बोललो नव्हतो.

सून म्हणाली, आई, तुम्ही सांगाल तसं करू. गोड बोलली. गोड बोलणं हे सासूला बाजूला सारायचं सगळ्यात जुनं हत्यार आहे, मी माझ्या सासूवर ते वीस वर्षं वापरलं आहे.

ठीक आहे. सांगेन तसं करू म्हणाली ना? मग सांगणार. सगळं सांगणार.

२ ऑक्टोबर
सुनेने दुसरा पट्टा खणून उघडा टाकला आहे, ऊन खाऊ दे म्हणून. वास कमी झाला. शेणखत आणि सुकलेला पाला टाकणार आहे. मी सांगणारच होते.

मुलगा आज कामावरून परस्पर शेतात गेला. मी विचारलं, कशाला? म्हणाला, बघायला. तासभर काय बघत होता माहीत नाही. घरी आला तेव्हा नखांत माती होती.

९ ऑक्टोबर, सकाळी
आज दमले तरी बरं वाटतंय. सकाळी सुनेला बसवून पुढच्या पेरणीचं सगळं नीट समजावलं. बियाणं किती खोल, दोन ओळींत किती अंतर, दाणे किती, म्हणजे खरंच किती. शेणखत आधी, दाणे मग, मुठी कुणाच्या त्यासकट. अर्धा तास बोलले. ती मान हलवत होती, हो आई, हो आई. मधे एकदा विचारलं पण, की दोन बोटं खोल की तीन? मी म्हटलं, अडीच. तिने लिहून घेतलं.

शेवटी शेती अनुभवाचीच असते.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी
शेतापर्यंत चालत गेले, काठी घेऊन. पेरून झालं होतं. कालच. मी दुपारी झोपले होते तेव्हा.

ओळी सरळ आहेत. एका जागी उकरून बघितलं, अडीच बोटंच खोल आहे. खुरप्याने दुसरीकडे पण बघितलं, तिकडेही तेवढंच.

मला एकही चूक सापडली नाही. उद्या उजेडात परत बघते.